मालकाला सवड नाही

घरातला संगणक आजारी आहे, असं चष्मेवाल्यांचं दोन वर्षांपासूनचं ठाम मत होतं. अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी, तीही कडांना पुसट, आणि फोटोतली माणसं गाल फुगवून बसल्यासारखी रुंद. उपाय म्हणून ते दुकानातल्या गुलाबी कापडाने रोज पडदा पुसत. चाळीस वर्षं लोकांच्या काचा पुसलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

बायको होती तोवर त्यांनी तिला चिडवूनही घेतलं. "तुझ्या संगणकात आपले सगळे नातेवाईक बाळसं धरून बसलेत!" ती हसायची आणि गिऱ्हाइकांच्या चष्म्यांचे नंबर भरत राहायची. दुकानाची यादी पहिल्यापासून तिच्याकडे होती.

ती जाऊन दोन महिने झाले होते. दुकान विकायला काढलं होतं आणि घेणाऱ्याला यादी हवी होती. पण यादीचे उजवीकडचे रकाने पडद्यात मावत नव्हते. सरकवून पाहावं, तर डावीकडची नावं गायब. शेवटी त्यांनी गल्लीतल्या संगणक दुरुस्तीवाल्या बाईला बोलावलं.

तिने पिशवी खाली ठेवली, पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि म्हणाली, "काका, हा बिघडलेला नाही. मीच केलंय असं."

"म्हणजे डॉक्टरनेच ताप आणला म्हण की!"

"काकूंनी करून घेतलं. पडद्याचे ठिपके कमी केले की सगळं मोठं दिसतं. जरा बेढब दिसतं, पण दिसतं. त्यांना बारीक वाचता येईना ना."

चष्मेवाल्यांचं हसू निम्म्यावरच थांबलं. "कुणाला वाचता येईना?"

"काकूंना. मी म्हटलं, अहो, काकांना सांगा, घरचंच दुकान आहे. तर म्हणाल्या, सांगून झालंय."

चष्मेवाले खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. बाईने संगणकावर दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या, माउस त्यांच्या हाताखाली सरकवला. पडदा काळा झाला आणि परत उजळला, तेव्हा यादी बारीक, रेखीव अक्षरांत या टोकापासून त्या टोकापर्यंत समोर उभी होती. खाली एक चौकट आली. बदल कायम ठेवायचे का? पंधरा सेकंदांत उत्तर आलं नाही, तर पूर्वीसारखं होईल.

"होय म्हणा, काका."

पण चष्मेवाले शेवटचा रकाना वाचत होते. त्याला तिने 'शेरा' असं नाव दिलं होतं. 'दांडी सैल.' 'पुढच्या महिन्यात येणार.' 'बोलतो फार.' आणि त्याखाली एक ओळ. नाव: घरचं माणूस. नंबर: नऊ वर्षांपूर्वीचा. शेरा: 'विचारलं. मालकाला सवड नाही.' पुढे तारीख. खाली सहा महिन्यांनंतरची तारीख, तोच शेरा. तिसऱ्या वेळी तिने नुसतंच लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे.'

"काका, दाबा ना! चार... तीन..."

माउस त्यांच्या हातातच होता. पडदा पुन्हा काळा झाला आणि अक्षरं मोठी, पुसट होऊन परतली. शेवटचा रकाना पडद्याबाहेर गेला.

"गेलं! थांबा, परत करते."

"राहू दे तसंच."

"आणि यादी?"

"सरकवत सरकवत उतरवीन. आता सवडच सवड आहे."

बाईने फोन नाकाशी धरून वेळ पाहिली आणि पिशवी उचलली.

"एवढ्या जवळून बघतेस?"

"सवय हो. येईन एकदा दाखवायला. उद्या-परवा."

"आत्ता बस."

"अहो, मला अजून दोन घरं आहेत—"

पण चष्मेवाले दुकानातून आणून कपाटावर ठेवलेली भिंगांची पेटी उतरवायला स्टुलावर चढलेही होते. या वयाच्या माणसाला स्टुलावर ठेवून कसं जाणार? ती बसली. त्यांनी दारामागच्या खिळ्याला अक्षरांचा तक्ता अडकवला. तीन ओळी तिने धडाधड वाचल्या. चौथीला अडली.

"नाही हो दिसत."

"कधीपासून?"

हा प्रश्न त्यांनी आजवर हजारो माणसांना विचारला होता. सगळ्यांना उत्तर तोंडपाठ असे, कुणी सणसणीत खोटंही सांगे. या खोलीत मात्र तो पहिल्यांदाच विचारला जात होता.

"वर्ष झालं असेल," बाई म्हणाली. "कुणी विचारलं नाही, मग मीही बोलले नाही."

चष्मेवाल्यांनी पेटीतलं एक भिंग काढलं आणि गुलाबी कापडाने पुसायला घेतलं. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. बाई मान वर करून, एक डोळा हाताने झाकून, थांबून राहिली.