चौदाव्या मजल्यावरची ओळ

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे आणि माझा स्वभाव काळजी करण्याचा आहे. तुम्ही म्हणाल, माईकला कसली आली काळजी? पण लोक माझ्या तोंडाशी येऊन बोलतात, तेव्हा शब्दांच्या आधी मला त्यांचा श्वास कळतो. कोण घाबरलं आहे, कोण काय लपवतं आहे, सगळं कळतं. आणि कळूनही काही सांगता येत नाही. दुसऱ्याने बोलावं आणि मी मोठं करावं, एवढंच माझं काम.

माझी पहिली नोकरी पूर्व लंडनमध्ये, बो इथल्या एका चर्चमध्ये. तिथले घानाचे पास्टर दर रविवारी सैतानाला हाकलायचे. एकदा जोशात येऊन त्यांनी मलाच सैतानाच्या अंगावर फेकून मारलं. सैतानाला लागलं की नाही ठाऊक नाही, माझ्या जाळीला मात्र कायमचा पोचा आला. मग चर्चने नवा माईक घेतला आणि मी तिथे येणाऱ्या एबोच्या पिशवीत गेलो.

एबो तेव्हा चोवीस वर्षांचा होता. एरवी तो बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी चौदाव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात रेकॉर्डी वाजवायचा. ते स्वयंपाकघर म्हणजेच त्यांचं रेडिओ केंद्र, अर्थात विनापरवाना. गच्चीवर चोरून लावलेली एरियल, शेगडीवर जोलोफ भात आणि सरकारी माणसं येतात का ते बघायला खिडकीत एक जण. त्यांच्या संगीताला ग्राइम म्हणतात. जलद, कोरडं आणि थोडं चिडलेलं. त्यावर शब्द म्हणणारे ते एमसी. ते धाप लागेपर्यंत ओळींवर ओळी म्हणायचे आणि मग मला पुढच्याच्या हातात द्यायचे. दार वाजलं की झालं! शेजारीण मीठ मागायला आली तरी मला वाटायचं, आले जप्तीवाले!

आमच्यात एक रीत आहे. तुमच्या नाटकात गाणं रंगलं की ते संपल्यावर 'वन्स मोअर' मिळतो ना? आमच्याकडे संपेपर्यंत कुणाला दम नसतो. ओळ काळजाला भिडली की ऐकणारे भिंतीवर मुठी आपटतात, 'परत! परत!' ओरडतात, आणि वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे रेकॉर्ड हाताने मागे खेचून सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. याला रीलोड म्हणतात. भिंत वाजली आणि रेकॉर्ड खेचली नाही, तर तो एमसीचा अपमान. वीस वर्षांत एबोने असा अपमान कुणाचाही केला नाही.

त्याची भाची एफुआ त्याच स्वयंपाकघरात लहानाची मोठी झाली. मामाला ती त्यांच्या घानाच्या भाषेत 'वोफा' म्हणते. त्या इमारतीची लिफ्ट कायम बंद. सतरा वर्षांची असताना एका दुपारी ती चौदा मजले चढून आली, धापा टाकतच तिने मला उचललं आणि म्हणाली,

लिफ्ट तुमची, जिना आमचा, चौदा मजले चढले,
धाप लागली, तिथेच माझे सगळे शब्द घडले!

भिंतीवर इतक्या मुठी पडल्या की तेराव्या मजल्यावरचा म्हातारा काठी घेऊन वर आला. तो म्हणाला, "आता चढून आलोच आहे, तर एकदा परत म्हण."

तेव्हा आम्हाला विचारत होतं कोण? वर्तमानपत्रं म्हणायची, हा गोंगाट आहे. कार्यक्रम ठरला की आदल्या दिवशी पोलीस तो रद्द करायचे. मग हळूहळू वारं फिरलं. ज्या दुकानात राखणदार चोरीच्या संशयाने एफुआच्या मागे मागे फिरायचा, तिथेच तिचं गाणं वाजू लागलं. तो राखणदारही मान डोलवायचा. शाळेतली गोरी पोरं 'लिफ्ट तुमची, जिना आमचा' म्हणू लागली. त्यांच्या घरी जिना आणि लिफ्ट दोन्ही होती, ते सोडा! सगळे खूश होते. मला मात्र भीती वाटत होती. एवढे लोक एकदम प्रेम करायला लागले की कुणाला तरी बाजूला सरकावं लागतं.

आणि तसंच झालं. टीव्हीवर एक मोठा सोहळा होता, थेट प्रक्षेपण. एफुआचा सगळा कारभार हॅरिएट नावाची बाई बघायची. कार्यक्रमाआधी तिने एफुआला बाजूला घेतलं.

"तीन मिनिटं दहा सेकंद. मध्ये आवाज थांबता कामा नये. आज रेकॉर्ड थांबली, तर पुढच्या दौऱ्यावर एबो येणार नाही. लॅपटॉप येईल."

"तो माझा मामा आहे, हॅरिएट."

"म्हणून तर आज त्याला संधी देते आहे."

मी एफुआच्या हातातच होतो. तिचा तळवा घामाने ओला झाला होता. ओरडून एबोला सांगावंसं वाटलं, पण माझं बटण बंद होतं. चालू असतं तरी काय उपयोग होता?

ती एबोकडे गेली. "वोफा, आज काहीही झालं तरी रेकॉर्ड मागे खेचायची नाही."

"आणि लोकांनी भिंत वाजवली तर?"

"इथल्या भिंतींना मखमल लावली आहे. वाजणारच नाहीत."

"मग तू कशाला एवढी घाबरतेस, बाई?" एबो हसला.

गाणं सुरू झालं. ती ओळ जवळ आली तसा एफुआचा श्वास आखडला. तिचा बेत मला तेव्हा कळला. लोक उठू नयेत, मामाची जागा जाऊ नये, म्हणून आपली सगळ्यात चांगली ओळ तिने मुद्दाम तोंडातल्या तोंडात गिळली. मला इतकं वाईट वाटलं! पण ती ओळ आता एकट्या तिची राहिली होती कुठे? अख्ख्या सभागृहाने ती पूर्ण केली. लोक खुर्च्यांवर, जमिनीवर, मिळेल तिथे मुठी आपटू लागले. 'परत! परत!'

एफुआने मागे वळून पाहिलं. एबोचे दोन्ही हात खिशात होते. घट्ट. मान खाली. वीस वर्षांत पहिल्यांदाच भिंत वाजत होती आणि त्याने रेकॉर्डला हात लावला नव्हता.

एफुआ एक क्षण थांबली आणि मग माझ्यात ओरडली, "वोफा, परत!"

त्याचे हात कधी बाहेर आले कळलंच नाही. रेकॉर्ड मागे गेली. सभागृह वेडं झालं. घरोघरच्या टीव्हीवर मात्र पाटी झळकली, 'तांत्रिक बिघाडाबद्दल दिलगीर आहोत.'

हॅरिएट रागावली नाही, तेव्हाच मी समजलो, एबोची जागा गेली. सामान भरताना एफुआ रडू लागली. एबो म्हणाला, "मला ठाऊक होतं. हॅरिएटने मलाही सांगितलं होतं."

"म्हणून हात खिशात?"

"बाहेर असते तर माझं ऐकलं नसतं त्यांनी."

"मी नाही जाणार दौऱ्यावर."

"अगं वेडाबाई, एवढे जिने चढून आता कुठे लिफ्ट मिळाली. मी तिच्यात मावत नाही म्हणून तू बाहेर उभी राहणार? जा मुकाट्याने!"

ती गेली. तिला नवा बिनतारी माईक मिळाला. आमचं केंद्र आता परवान्याचं आहे, एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत. मी तिथे खणात, संपलेल्या बॅटऱ्यांच्या शेजारी पडून राहिलो. एका संग्रहालयाचं पत्र आलं की मला काचेच्या पेटीत ठेवायचं आहे. एबो दौऱ्याची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघायचा. त्या ओळीला एफुआ माईक लोकांकडे धरते आणि वीस हजार लोक ती म्हणतात. एबोची छाती फुगायची. मला वेगळाच घोर लागला होता. आठ महिने झाले, ती ओळ तिच्या स्वतःच्या श्वासातून निघालीच नव्हती.

गेल्या रविवारी दुपारी ती अचानक आली. खण उघडून तिने मला बाहेर काढलं. एबोने रेकॉर्ड लावली. खोलीत दोघंच. ती छान म्हणत होती. मग ती ओळ आली आणि सवयीने तिने मला पुढे धरलं. समोर रिकामी भिंत. कोणीच काही म्हटलं नाही.

एबोने रेकॉर्ड मागे खेचली.

"का खेचलीस? भिंत तर वाजली नाही," ती म्हणाली.

"ओळच ऐकू आली नाही मला. तू म्हण."

तिने मला तोंडाशी घेतलं. सगळं पहिल्यापासून. आणि या वेळी तिचा श्वास, ती जुनी चौदा मजल्यांची धाप, अख्खी माझ्या जाळीतून गेली. त्या खोलीत ओरडायला गर्दी नव्हती. म्हणून एबोने एका हाताने भिंतीवर मूठ आपटली आणि दुसऱ्या हाताने रेकॉर्ड खेचली.

मित्रांनो, शेवटी 'जुन्या वस्तू जपा' असं सांगायची रीत आहे. संग्रहालयाचं पत्र एबोने घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं आहे, पण पुढचं पत्र येईलच, आणि मला त्याची धास्ती आहे. म्हणून एवढंच मागतो. मला पुसून काचेत ठेवू नका. मला हातात घ्या, तोंडाशी धरा आणि तुमची ओळ तुम्हीच म्हणा. आणि दुसऱ्याची आवडली, तर भिंत वाजवायला गर्दीची वाट बघू नका. एक मूठसुद्धा पुरते.