भिवाजी ओव्हाळांच्या कानाचं मशीन

होय, मी भिवाजी ओव्हाळांच्या उजव्या कानातलं मशीन बोलतोय. आजवर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आता जरा माझं ऐका. जे मी ऐकलंय ते अजून माझ्या पचनी पडलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. मला कळायला लागलं तेव्हा मी कर्जतच्या एका दुकानात काचेच्या कपाटात होतो. शेंगदाण्याएवढा जीव, पुढे एक बारीक नळी. वनिता म्हाताऱ्या बापाला हाताला धरून घेऊन आली आणि दुकानदारानं मला त्यांच्या कानात बसवलं.

"बाबा, येतंय का ऐकू?" वनिता म्हणाली.

भिवाजी दचकले. "अगं, हळू बोल की! वरडतेस कशाला?"

बारा वर्षं ओरडून ओरडून त्या बाईचा घसा बसला होता. ती एवढी हसली, एवढी हसली, की डोळ्यांतून पाणीच आलं. माझ्या आयुष्याची सुरुवात अशी झकास झाली.

भिवाजींनी साजगावच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं काढली. तिथल्या धडधडीत कान गेले. निवृत्त झाल्यावर आलेल्या फंडातून पळसदरीला चार खोल्यांचं घर बांधलं, मागे थोडी मोकळी जागा. बायको सोनुबाई पाच वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं वनितानं केलं आणि त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. आता ती सेहेचाळीस वर्षांची, गावच्या अंगणवाडीत सेविका. धाकटा जगदीश बायको-मुलांना घेऊन शिळफाट्याला राहायचा.

म्हाताऱ्याची एक खोड होती. मी कानात नसलो आणि समोरचा काही बोलला, तर ऐकू आलं नाही हे सांगायची त्यांना भारी लाज. मग मान हलवायची आणि म्हणायचं, "हां, हां, बरोबर." एकदा शेजारचा पांडू रडवेला होऊन म्हैस मेल्याचं सांगायला आला, तर हे म्हणाले, "हां, हां, बरोबर." पांडू महिनाभर बोलत नव्हता. आम्ही हसलो. हसायला नको होतं, हे तेव्हा कुठं ठाऊक!

पळसदरीला शनिवार-रविवारचे पाहुणे वाढले, जागांचे भाव चढले. भिवाजींनी मुलाला बोलावून घेतलं. मी कानातच होतो, शब्दन् शब्द सांगतो. "जगदीश, मी हाय तोवर कागद करून टाकू. घर वनीला, मागची जागा तुला. तिला दुसरं कोण हाय रं?" जगदीश म्हणाला, "बाबा, तुमी काळजी करू नका. सगळं मीच बघतो."

बघितलं हो, चांगलंच बघितलं!

एका सकाळी तो मित्राचा, कमळ्याचा टेंपो घेऊन आला. कमळ्या साधा गडी, टेंपो चालवायला तोच, साक्षीदार म्हणूनही तोच. रजिस्ट्रारच्या ऑफिसात पोचल्यावर जगदीश बापाच्या कानाशी वाकला. "बाबा, आता फोटो काढतील. ते मशीन खिशात ठेवा, फोटोत बरं नाय दिसत." भिवाजींनी मला काढून सदऱ्याच्या खिशात, चष्म्याशेजारी ठेवलं. बंद करायला मात्र विसरले.

फोटो झाला. मग जगदीशच्या ओळखीचा जो कागद लिहून देणारा होता, तो भराभरा वाचू लागला. "मुलगी वनिता हिचे लग्न मी थाटामाटात करून दिले असून तिला तिचा हिस्सा पोहोचलेला आहे. सबब माझे घर व जागा मुलगा जगदीश यास देत आहे."

कुणाचं लग्न? कधी झालं? मंडप कुठं घातला होता? मी हादरलोच! दुसऱ्या कुणाच्या तरी मृत्युपत्रावरून मजकूर उतरवला होता आणि नावं तेवढी बदलली होती. मी खिशातून जीव तोडून शिट्टी वाजवली. मला तेवढंच येतं. पंख्याच्या घरघरीत ती कुणाला ऐकू गेली नाही, आणि भिवाजींना तर कशी जाणार?

"आजोबा, वाचलं ते मान्य आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"हां, हां, बरोबर," भिवाजी म्हणाले आणि त्यांनी झोकात सही केली.

टेंपोत बसल्यावर मला कानात घातलं. पहिला प्रश्न, "वनीचं घर वनीला झालं ना रं?"

"झालं बाबा."

त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. ते खोटं मीच त्यांच्या कानात घातलं. स्वच्छ आणि खणखणीत. माझं कामच ते. त्या दिवशी मला माझी शिसारी आली.

घरी येऊन भिवाजींनी लेकीला सांगितलं, "वने, तुझं काम करून आलो. आता या घरातून तुला कोण काढत नाय." मग दहा महिने म्हातारा अगदी मजेत होता. एका दुपारी छातीत कळ आली आणि सगळं आटोपलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, जेवणं झाली. मी भिंतीवरच्या फळीवर डबीत होतो, सेलात अजून जीव होता. पाहुणे असतानाच जगदीशनं कागद काढला आणि बहिणीच्या हातात दिला. वनितानं वाचला. मग परत मोठ्यानं वाचला, लग्नाचं ते वाक्य दोनदा.

"माझं लग्न? जगदीश, माझं लग्न झालं आणि मलाच नाय म्हाईत?"

मला वाटलं, आता ही भावाची गचांडी धरणार. पण ती वळली बापाच्या फोटोकडे. "बाबा, तुमी सही केलीत याच्यावर? आणि माझ्याशी खोटं बोललात?"

अहो, मला तिथल्या तिथं फुटून जावंसं वाटलं. म्हाताऱ्यानं जे ऐकलंच नाही त्याचा दोष त्याच्या डोक्यावर! आणि ज्याला सगळं ठाऊक तो मी, मुका.

वनितानं कोर्टात दावा लावला. दोन वर्षं तारखा पडल्या. त्या दोन वर्षांत ती 'बाबा' हा शब्द बोलली नाही, 'ते' म्हणायची, हे मला पुढे कोर्टात कळलं. घर जाईल याची भीती होतीच, पण खरं तिला आतून कुरतडत होतं ते हेच, की बापानं फसवलं.

तिच्या वकील, मेघा मॅडम, हुशार बाई. मशीनशिवाय भिवाजींना काही ऐकू यायचं नाही, असं वनिता सहज बोलून गेली, तर बाईंनी मला नवा सेल घालून कोर्टात आणलं. जगदीशकडून कमळ्या साक्षीला उभा राहिला. त्याला एकच वाक्य पढवलं होतं, "माझ्यासमोर वाचून दाखवलं." मेघा मॅडमनी कागदावरचा फोटो पुढे केला.

"यांच्या कानात मशीन दिसत नाही. कुठं होतं?"

"खिशात. जगदीशच बोलला, काढा म्हणून."

"आणि वाचताना?"

"खिशातच की. फोटो झाला, लगेच वाचलं. मशीन घातलं ते टेंपोत. घातल्या घातल्या म्हातारबांनी इचारलं, वनीचं घर वनीला झालं ना? जगदीश बोलला, झालं. मी गाडी चालवत होतो, सगळं ऐकलं." कमळ्याला वाटलं, आपण मित्राचं भलंच करतोय.

जगदीशनं मान खाली घातली. वनिता बाकावरून उठली. "बाबांनी इचारलं होतं?" न्यायाधीशांनी तिला बसायला सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, "कमळ्या, खरंच इचारलं होतं?"

"हां ताई. दोनदा इचारलेलं."

ती बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

निकाल अजून यायचाय. कागद बहुतेक रद्द होईल, पण मग दोघंही सारखेच वारस, म्हणजे अर्धं घर जगदीशचं. म्हाताऱ्याच्या मनातलं कुठंच लिहिलेलं नाही. तुम्हाला हात जोडून सांगतो, म्हाताऱ्या माणसानं मान हलवली म्हणून त्याची सही घेऊ नका. आधी त्याच्या तोंडून वदवून घ्या, की काय ऐकलंस.

कमळ्याच्या साक्षीला दोन महिने झाले. माझा सेल कधीच संपलाय. आज सकाळी वनितानं मला डबीतून काढलं, तळहातावर घेतलं, तोंडाशी धरलं आणि ती माझ्याशी, म्हणजे बापाशी, बोलत राहिली. बराच वेळ. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. ऐकू मात्र एक शब्दही आला नाही.