गंगुबाईचा मान

गुरवानं एक ओली कळी देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवली, दुसरी डाव्या खांद्याला, आणि हात मागं घेतला. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. काशीराम गावकरांनी खांद्यावरचा पंचा सावरून गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवी माये! ही राहीबाय पुण्याक शिकान इली. आमच्या नाटे गावच्या पोरीबाळींसाटी तिनं बाळंतघर उभा केल्यान. ता राहीबायचा घर उद्या उघडूचा काय, तुजा काय म्हणणा असात ता सांग गो माये!"

"होय महाराजा!" सगळी वाडी एका आवाजात गरजली.

पायरीशी उभ्या असलेल्या राहीनं श्वास रोखून धरला. शिकलेली बाई होती, कौलावर तिचा विश्वास नव्हता. पण डोळे काही त्या उजव्या कळीवरून हलेनात. पड ग, पड! आणि टपकन पडली ती डावी. बायकांत हळहळ उठली. गावकरांनी कपाळाला हात लावला. त्यांची सून मालन दिवस भरत आलेली, पोट सांभाळत खांबाला टेकून उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं. तिचं पहिलं मूल आडवं येऊन गेलं होतं. या बाळंतघरासाठी सासऱ्यानं आपली जागा दिली होती ती काय उगाच नव्हे.

"आता परत विचारा ना!" राही म्हणाली.

"नाय बाय. एकदा नाय म्हटल्यान की तोच प्रश्न पुढच्या शिमग्यापर्यंत विचारूचा नाय. गावची रीत."

राहीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. उद्याच उद्घाटन! रत्नागिरीहून, हे बाळंतघर काढणाऱ्या मंडळाच्या प्रमुख यमुनाबाई आज दुपारच्या आगबोटीनं येणार. सुईणकामाचं रीतसर शिक्षण घेऊन परतलेली मंडळाची पहिली मुलगी म्हणजे राही, आणि नाट्याचं घर तिच्या हाती सोपवलेलं पहिलं काम. सेक्रेटरींनी बैठकीत मिशीतल्या मिशीत हसून म्हटलंच होतं, "मुली सेवा छान करतात हो, पण कारभार? वर एखादा पेन्शनर मामलेदार बसवू या." यमुनाबाईंनी टेबलावर हात आपटून ते थोपवलं होतं. आता घर उघडलंच नाही तर मामलेदार येणार, आणि राही जन्मभर त्याच्या चहात साखर किती ते विचारत बसणार.

मुसाकाजी बंदरात यमुनाबाई पडावातून उतरल्या त्या पदर खोचून, गुडघाभर पाण्यातून चालत. साठी जवळ आलेली, पण चाल अशी की सामान घेणारा खलाशी मागं राहिला. राहीनं वाटेतच सगळं भडाभडा सांगून टाकलं.

"आपण उघडायचंच," ती शेवटी म्हणाली. "कळीला कसलं घाबरायचं? विसावं शतक चाललंय!"

"उघड की. दार उघडायला काय लागतं? आत कोण येईल?"

राहीनं वाटेतला एक शिंपला पायानं उडवला.

"कळी लावतो कोण?"

"गुरव. धाकू गुरव."

"त्याचं कोण कोण आहे गावात?"

"एक बहीण आहे. गंगुबाई. तीच इथली सुईण." बोलता बोलता राहीची पावलं थांबली.

यमुनाबाई मात्र थांबल्या नाहीत. "आणि सुईणीला तू काय म्हणालीस?"

काय म्हणाली होती ते राहीला चांगलं आठवत होतं. बायकांच्या सभेत, टाळ्यांच्या नशेत, तिनं ठणकावून सांगितलं होतं की आता या गावाला सुईणीची गरज उरली नाही. गंगुबाई पुढंच बसली होती. अर्ध्या गावाची नाळ तिच्या हातानं कापलेली. पाचवीला पहिला मान तिचा, बारशाला पहिली ओटी तिची. ती तशीच उठून गेली होती. आणि राहीला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, सभा आटोपशीर झाली!

देवीच्या मनात काय होतं ते देवीलाच ठाऊक. गुरवाच्या मनात काय असावं ते मात्र साऱ्या वाडीला ठाऊक होतं, एका राहीला सोडून.

"तो लबाड आहे, असं मी चारचौघांत सांगते," राही उसळली.

"सांग. मग नाट्यात पाणीसुद्धा मिळणार नाही तुला," यमुनाबाई म्हणाल्या. "हे बघ, घर तुझं. तू ठरव. मी काही सांगणार नाही." आणि गावकरांच्या ओटीवर बसून त्या खरंच पन्हं पिऊ लागल्या.

राहीला त्यांचा असा राग आला म्हणता! इतक्या लांबून यायचं आणि ऐन वेळी पन्हं प्यायचं! ती तरातरा मागल्या दारी गेली, माडाखाली येरझाऱ्या घातल्या, दोनदा रडू आवरलं. मग एकदम आत जाऊन तिनं मालनकडून एक सोललेला नारळ मागून घेतला.

गंगुबाई अंगणात सुकत घातलेले बांगडे उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

"नारळ कोणाचा?"

"तुमच्या मानाचा."

"मान आता आठावलो?"

"आत्ताच. आधी आठवायला हवा होता. चुकलं माझं."

"पुण्याक चुकलं म्हणूक पण शिकवतत वाटता." एक बांगडा उलटला गेला. "घर तुजा, गाव तुजो. माजी गरज नाय म्हणालस ना?"

"घर माझं नको." राहीची दोन वर्षांची सगळी स्वप्नं त्या शब्दांवर बसून निघाली होती. "घर तुमचं. मुख्य तुम्ही. मी तुमच्या हाताखाली."

गंगुबाईनं आता वर पाहिलं. बारीक डोळे, उन्हानं रापलेला चेहरा.

"माका लिवाक येत नाय."

"मी लिहीन."

"मी सांगान ता करशीत?"

"करीन. पण माझी एक अट. हात साबणानं धुतल्याशिवाय बाळंतिणीला कुणी शिवायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

राहीला वाटलं, आता नारळ अंगणाबाहेर जाणार. पण म्हातारीला हसू फुटलं. ती हसली ती अशी खदाखदा, की शेजारीण कुडावरून डोकावली.

"अगो, जलम दर्यात गेलो माजो! पाण्याक मी भितंय?" तिनं हात पदराला पुसले आणि नारळ घेऊन कपाळाला लावला. "धाकूक सांगतंय मी. म्हणजे, देवीक विचारूक सांगतंय."

सकाळी देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. यमुनाबाई पुढं, राही त्यांच्या शेजारी. "सेक्रेटरी मला विचारतील, मुख्य कोण म्हणून," त्या हळूच म्हणाल्या.

"गंगुबाई सांगा."

"आणि तू?"

"मी आहेच की." राहीला वाटलं होतं हे म्हणताना आवाज कापेल. कापला, पण थोडाच.

यमुनाबाईंनी तिच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

गावकरांनी नवं गाऱ्हाणं घातलं. "बा देवी माये! आमच्या गंगुबायचा बाळंतघर. राहीबाय तिच्या हाताखाली रवतली. ता आज उघडूचा काय..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच उजवी कळी सटकन खाली! "होय महाराजा!" म्हणायची वेळसुद्धा देवीनं ठेवली नाही. मग काय विचारता! ढोल वाजले, बाबल्या खारव्यानं पोराला खांद्यावर घेऊन उडी मारली, बायका हसत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. राहीही हसली, ओरडली, आणि कुणाच्या तरी हातातलं प्रसादाचं खोबरं खाऊन मोकळी झाली.

त्या गोंधळात मालन एकदम खाली बसली. तिच्या सासूनं किंकाळी फोडली.

मग मिरवणूक निघाली ती मालनचीच. चौघींनी तिला उचलून बाळंतघरात नेलं. फीत कापायची राहिली, भाषण राहिलं. रत्नागिरीहून आणलेला हार खुंटीवर तसाच लटकला. गंगुबाईनं कोपरापर्यंत हात धुतले, साबणाला नाक मुरडलं आणि आत गेली. राही पाणी उकळत होती, कपडे देत होती, सांगितलं ते करत होती. बाहेर ओटीवर पुरुष, वईच्या कुंपणापलीकडे अख्खी वाडी.

उन्हं चढली. आतून गंगुबाईचा धीर देणारा आवाज येत होता, तो हळूहळू कमी झाला. तिनं मालनच्या पोटावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि राहीकडे पाहिलं.

"आडवा हा. पयल्यासारखाच."

राहीनं हात लावून पाहिलं. खरं होतं. असं मूल पोटावरून फिरवून सरळ करायला तिला पुण्यात शिकवलं होतं, प्रसूतिगृहात तिनं केलंही होतं, पण तेव्हा मागं डॉक्टरीणबाई उभ्या असत. इथं मागं कुणी नव्हतं. ती जागची हलली नाही. हाताखालच्या माणसानं कुणी सांगितल्याशिवाय पुढं कसं व्हायचं?

"बगतंस काय?" गंगुबाई म्हणाली. "मुख्य कोण हा हय?"

"तुम्ही."

"मग मी सांगतंय. माज्या जाग्यावर बस." ती उठली आणि राहीला खांद्याला धरून आपल्या जागी बसवलं. "माजी बोटां आता जाड झाली. कर तू. मी हिचो हात धरून आसंय."

राहीनं डोळे मिटले, उघडले आणि हात पुढं केले.

बाहेर धाकू गुरवाला राहवेना. त्यानं दाराशी येऊन हाक मारली. "गंगू! काय झाला गो? आत कोण करता हा?"

मालनचा हात न सोडता गंगुबाई दाराकडे तोंड करून ओरडली.

"राहीबाय करता हा! तुमी गप रवा. तिका हात चालवूक देवा."