एकशे सत्त्याऐंशीवा पर्याय

नऊ वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला शून्यरावांनी उत्तर दिलं नव्हतं. ते हरवलं असतं तर बरं झालं असतं. पण वस्तू हरवायला ती आधी इकडेतिकडे टाकावी लागते, आणि शून्यरावांच्या घरात इकडेतिकडे अशी जागाच नव्हती. पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं, ‘प’च्या पानांत. ‘पत्र’ या शब्दापाशीच.

पत्र टाइप केलेलं होतं. त्यात एकही चूक नव्हती, फक्त सही ओळीच्या खाली घसरली होती. लिहिणारी बाई कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिला दिसत नव्हतं. संगणक मजकूर वाचून दाखवायचा, स्वल्पविरामासकट, आणि ती कानांनी चुका पकडायची. तिने लिहिलं होतं की छापखान्यात नवी यंत्रं आल्यापासून हा आवाज अडखळतो. कळ दाबली की मनात एक-दोन म्हणेपर्यंत काही ऐकू येत नाही, कधी कधी शब्दाचा मधला तुकडाच गिळला जातो. पूर्वी एका पानाला अकरा मिनिटं लागायची, आता चौदा लागतात. दुरुस्तीवाल्याचं म्हणणं, की संगणकाच्या कर्नलमधला एक पर्याय बंद असल्यामुळे हे होतं. कर्नल तो बनवणाऱ्या संस्थेकडून बांधूनच येतो, त्यात हात घालायची त्याला मुभा नाही. पण तो पर्याय बंद ठेवणाऱ्याचं नाव फाइलीत आहे. ते नाव शून्यरावांचं होतं. शेवटी दोन ओळी होत्या: ‘माझी तक्रार नाही. ही निवड करताना तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं, एवढंच जाणून घ्यायचं आहे.’

तक्रार असती तर सोपं होतं. तक्रारीसाठी संस्थेकडे छापील उत्तर होतं.

कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. कोणत्या कामाने पुढे यायचं, कोणत्या कामाने ताटकळायचं, हे तो ठरवतो. त्याचे शेकडो पर्याय असतात: हे चालू की बंद, ते कमी की जास्त. वापरणाऱ्यांतले शंभरातले नव्याण्णव जण तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने कुणीतरी आधीच ठरवून ठेवायचं. याला डिफॉल्ट म्हणतात. शून्यराव त्या संस्थेत एकतीस वर्षं हेच करत होते. ज्यांना कधी पाहिलं नाही अशांच्या वतीने हो किंवा नाही म्हणत होते. शंका असली की ते नाही म्हणत, आणि शंका त्यांना कायम असे. नाही म्हणजे यंत्राच्या भाषेत शून्य. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते कुणाला फारसं लागत नसे.

एकशे सत्त्याऐंशीवा पर्याय असा: कारभारी स्वतः एखाद्या लांबलचक कामात गुंतलेला असताना त्याला मध्येच थांबवून निकडीचं काम पुढे सारता यावं की नाही. शून्यरावांनी नाही ठरवलं होतं. पत्र आल्यावर त्यांनी जुनी वही काढून पाहिलं, कशावरून ठरवलं. त्यांनी आपल्याच टेबलावरच्या यंत्रावर कर्नल बांधून, म्हणजे त्याचं लिहिलेलं रूप यंत्राला चालवता येईल असं करून घेऊन, वेळ मोजला होता. संस्थेत सगळे तसंच मोजत, कारण संस्थेत सगळे दिवसभर तेच करत. मध्ये कुणी थांबवलं नाही, तर चाळीस मिनिटांचं काम त्रेचाळीस सेकंद लवकर संपत होतं. म्हणून बंद. शिंप्याने स्वतःच्या अंगाचं माप घ्यावं आणि सगळ्या गावाचे कपडे बेतावेत, तसं झालं होतं. कोण डोळ्यांसमोर होतं? कुणीच नव्हतं.

हे लिहायला एक ओळ पुरली असती. शून्यरावांच्या पहिल्या मसुद्यात चार वेळा ‘कदाचित’ आलं. दुसऱ्यात कर्नलचा इतिहास पाच पानं चालला आणि तरी बाईंच्या जन्मापर्यंत पोचला नाही. तिसरा ‘सप्रेम नमस्कार’ इथेच थांबला. मग त्यांनी ठरवलं की आधी नीट मोजू, मग लिहू. उत्तराला महिना उशीर झाला की माफी मागता येते. वर्ष झालं की आधी माफीचीच माफी मागावी लागते. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

घरात त्यांच्याखेरीज त्यांची थोरली बहीण राहायची. ताईने तीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात कॉल जोडले होते. ती दर चार-सहा महिन्यांनी, भाजी निवडताना वगैरे, विचारायची, त्या बाईला उत्तर दिलंस का. शून्यराव म्हणायचे, बघतो. ताई म्हणायची, नऊ वर्षं बघतोयस, एव्हाना तुला तिच्या घराचं दारसुद्धा दिसलं असेल.

या वर्षी मात्र वेळ मारून नेण्यासारखी परिस्थिती राहिली नाही. कर्नलची नवी आवृत्ती निघायची होती, आणि ती दहा वर्षं बदलायची नाही असं ठरलं होतं. दोनशे चौदा पर्यायांची यादी गुरुवारच्या बैठकीत वाचली जाणार होती. ज्याचा पर्याय त्याने ‘जैसे थे’ म्हणायचं, की दहा वर्षांची निश्चिंती. पुढच्या वर्षी शून्यराव निवृत्त होणार होते. म्हणजे ते गुरुवारी गप्प बसले असते, तर त्या बाईला आणखी दहा वर्षं चौदा मिनिटं.

रविवारी त्यांनी संस्थेच्या अडगळीतून, रीतसर चिठ्ठी देऊन, छापखान्यातल्या यंत्रांच्याच वर्षाचं एक यंत्र घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि त्यात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम घातला. ताईला म्हणाले, डोळे मीट आणि ऐक. यंत्राला मागे एक मोठी फाइल लिहायला लावली आणि पुढे कायद्याचं एक कलम वाचायला दिलं. आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला.

“हा माणूस असा का बोलतोय?” ताईने डोळे मिटूनच विचारलं. “सावकार आलाय दारात त्याच्या?”

शून्यरावांनी पर्याय चालू केला. आवाज सरळ चालायला लागला. त्यांनी आकडे पाहिले. आधी सर्वांत मोठा खोळंबा सेकंदाहून जास्त होता, आता सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी.

ताईने डोळे उघडले. तिला कर्नल कळत नव्हता, पण लाइनवरची शांतता कळत होती. समोरचा एवढा वेळ गप्प राहिला की आम्ही फोन कटला समजायचो, असं ती म्हणाली. मग म्हणाली, “आमचे साहेबसुद्धा दिवसाला किती कॉल जोडले तेच मोजायचे. किती जण कानाला लावून बसले, ते कुणी मोजलं नाही रे.”

एकतीस वर्षांत शून्यरावांच्या विभागात हे इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

गुरुवारी बैठक लांबट टेबलाभोवती भरली. विभागप्रमुख बाई क्रमांक वाचत होत्या आणि टेबलावरून ‘जैसे थे’ येत होतं, शाळेतल्या हजेरीसारखं. शून्यरावांनी मनात वाक्य तयार ठेवलं होतं. एकशे सत्त्याऐंशी आला. वाक्याची सुरुवात ‘मला वाटतं’ने करावी की नाही, हे ठरेपर्यंत बाईंनी त्यांचं गप्प बसणं हेच जैसे थे धरलं आणि त्या पुढे गेल्या. अठ्ठ्याऐंशी गेला. एकोणनव्वद गेला. शून्यरावांनी आयुष्यात कुणाचं बोलणं तोडलं नव्हतं. मास्तरांनी एकदा चुकीची कविता शिकवली होती, तेव्हाही नाही.

“थांबा,” ते म्हणाले. बाई एकशे एक्क्याण्णववर होत्या. “एकशे सत्त्याऐंशी चालू करायला हवा. मी मोजताना चुकलो होतो.”

मोजमापाचं काम बघणाऱ्याने चष्मा वर केला. संस्थेत त्याला सगळे ‘काटा’ म्हणत. त्याने विचारलं की चालू केल्यावर नुकसान कुणाचं. शून्यराव म्हणाले, आपलं, चाळीस मिनिटांमागे त्रेचाळीस सेकंद. काटा म्हणाला, तेवढ्यात माझा चहाही निवत नाही, आणि आकड्यांचा कागद मागून घेतला. त्याने तो दोनदा वाचला. त्याला चूक काढायची होती, पण सापडली नाही, त्यामुळे तो जरा हिरमुसला.

बाईंनी बदलाचा अर्ज पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता: कुणाच्या लक्षात आलं. तिथे ‘स्वतः’ लिहिलं की काम सहीवर भागत असे. दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं, तर त्या माणसाने बदल आपल्या यंत्रावर चालवून त्रास गेल्याचं लेखी कळवायचं, असा नियम होता. इथे एकाचं श्रेय दुसऱ्याने लाटण्याची परंपरा जुनी होती, म्हणून तो केलेला.

“लिहा स्वतः,” काटा म्हणाला. “मोजलंय तुम्हीच.”

ते खोटं नव्हतं. आकडे शून्यरावांचे होते. ‘स्वतः’ लिहिलं असतं तर बदल त्याच दुपारी आत गेला असता, आणि पत्राचा विषयही कुठे निघाला नसता. शून्यरावांनी पेन उघडलं, बंद केलं.

“माझ्या लक्षात आलेलं नाही,” ते म्हणाले. “एका बाईंचं पत्र आलं होतं. नऊ वर्षं झाली.”

“आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?” विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

“दिलं नाही.”

मग विभागप्रमुखांनी कॅलेंडर पाहिलं आणि सांगितलं की महिनाअखेरपर्यंत त्या बाईंचं लेखी आलं तर बदल आत, नाहीतर जैसे थे. महिनाअखेरीला सोळा दिवस होते. बाहेर पडताना काटा हळूच म्हणाला, “हात दाखवून अवलक्षण हो, शून्यराव.” तो दुष्टपणे म्हणाला नव्हता.

घरी येऊन त्यांनी ताईला सगळं सांगितलं, आणि आपण मूर्खपणा केला का, असंही विचारलं. त्या बाईंचं नुकसान झालं तर ते माझ्या खरेपणामुळे होईल, असं काहीसं ते म्हणाले.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “नाहीतर तू त्या रकान्यात सही केली असतीस आणि पत्र परत त्या जाड पुस्तकात गेलं असतं. मी ओळखते तुला.”

मग तिने फोन उचलला. छापखान्याचा नंबर तिने चार मिनिटांत मिळवला, मुद्रितं तपासण्याचा विभाग दोन मिनिटांत, आणि तिथल्या कारकुनाशी ती अशी बोलली, जणू तो तिच्या धाकट्या दिराचा मित्र होता. फोन बाजूला धरून तिने सांगितलं की बाई आहेत, त्याच खुर्चीत आहेत, यंत्रही तेच आहे. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तिथे त्यांना चौदा मिनिटं म्हणतात. नावच पडलंय. ‘चौदा मिनिटं, चहा आला,’ असं.”

तिने फोन पुढे केला. शून्यरावांनी मान हलवली. म्हणाले, तिने पत्र लिहिलं होतं, मीही पत्रच लिहितो. ताईने यावर काही टोमणा मारला नाही, त्यावरून त्यांना प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

ते शुक्रवारी रजा घेऊन लिहायला बसले. कागद तिला कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागला असता, आणि हा मजकूर कारकुनाने वाचावा असं त्यांना वाटेना. म्हणून पत्र त्यांनी छोट्या पेनड्राइव्हवर घातलं, शेजारी नवा कर्नल आणि दुरुस्तीवाल्यासाठी परवानगीचा कागद. बाईंच्या यंत्रात अजून जुनाच कर्नल होता, तो शब्द गिळणार. मग त्यांनी वाक्यं लहान केली. लहान वाक्यांत ‘कदाचित’ मावेना. तीनदा आलं, तीनदा काढलं.

‘तुम्ही विचारलं होतंत, डोळ्यांसमोर कोण होतं. कुणीच नव्हतं. मी माझ्या यंत्रावर मोजलं. माझ्या कामासाठी मोजलं. ते चूक होतं. ही चूक तुमच्या पत्राने कळली. तेव्हाच कळली. तरी मी नऊ वर्षं उत्तर दिलं नाही, कारण लाज वाटली. तुमची तीन मिनिटं रोज प्रत्येक पानाला गेली. ती मला परत देता येत नाहीत. सोबतचा कर्नल दुरुस्तीवाल्याकडून घालून घ्या. आवाज सुधारला तर तसं लेखी कळवा. तुमचं नाव बदलाच्या नोंदीत येईल. महिनाअखेरीच्या आत कळवलं तरच हे सगळ्यांसाठी होईल. नाही कळवलं तर माझ्याकडे बोलायला तोंड नाही.’

शेवटचं वाक्य आपल्यालाच फार वाटतंय, असं म्हणून ते खोडावं का, हे ते दहा मिनिटं ठरवत होते. ताईने दारातून विचारलं की टपाल कचेरी किती वाजता बंद होते, हे तरी माहीत आहे का. साडेचारला. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. वाक्य राहिलं.

खिडकीपाशी त्यांच्यापुढे तिघे होते. कारकुनाने पाकीट हातात तोललं, आत काहीतरी कडक लागलं, त्याने विचारलं काय आहे. शून्यराव म्हणाले, उत्तर. कारकुनाने साधं की रजिस्टर असं विचारलं. ते म्हणाले, रजिस्टर. त्याने शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं.