मैनाच्या डोक्यावरची सावली

मैना उरणहून टेम्पोने मासळी घेऊन पनवेलला यायची आणि बाजाराबाहेर भर उन्हात पाटी मांडायची. शेजारी तिची मैत्रीण जनी. दुपार व्हायच्या आत बर्फाचं पाणी व्हायचं, मांदेली मऊ पडायची, आणि उरलेला माल येईल त्या भावाला काढून टाकावा लागायचा.

तिच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला पूर्वी नावाची कॉलेजात जाणारी मुलगी होती. तिला हे बघवेना. मैनाला विचारून तिने व्हिडिओ काढला, या बायकांना सावली हवी असं खाली कळकळीने लिहिलं आणि इंटरनेटवर टाकला. तो वाऱ्यासारखा पसरला. पूर्वीने कौतुकाने फोन पुढे धरला, तर त्यातून रडकी बासरी ऐकू आली.

"कोन मेलं गं?" मैनाने जनीला विचारलं, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

मग लोक यायला लागले. फोटो काढायचे, धीर द्यायचे, निघून जायचे. एका बाईंनी तर मैनाला, हसू नका, असंही सुचवलं. मासळी कोणी घेईना, आणि त्या गर्दीत रोजचं गिऱ्हाईकही फिरकेना. पूर्वीचा चेहरा उतरला. व्हिडिओ काढूनच टाकते, म्हणाली.

त्याच आठवड्यात हसनभाई आला. पलीकडच्या गल्लीत त्याचं मांडव भाड्याने देण्याचं दुकान. मैनाचं जुनं गिऱ्हाईक, पण आज जरा अवघडून उभा होता.

"मैनाताई, माझ्या भावाने कुवेतहून तुमचा व्हिडिओ पाठवला. विचारतो, ही आपल्याच बाजारातली ना? रोज तुमच्यासमोरून जातो मी, पण कधी खयालच आला नाही."

"आमी तर हितंच बसलेलो," मैना हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हसनभाईने मैनाच्या पाठीमागच्या दुकानदाराची परवानगी घेऊन हिरवं जाड कापड बांधून दिलं, जनीही मावेल एवढं ऐसपैस. त्या दुपारी बर्फ टिकला. मैनाने पूर्वीला हाताला धरून सावलीत बसवलं.

"एवढ्या लोकांनी बघितलं मावशी, आणि आला एकच," पूर्वी म्हणाली.

"आला ना पन? आता त्या समोरच्या भाजीवाल्यांचा व्हिडिओ काढ. त्या पन उन्हात हायत. फकस्त ते रडकं वाजवू नको."

पूर्वी हसत उठली. समोरच्या बायकांनी तोवर पदर सारखे करायला घेतले होते.