साडेचार हजार भोकांचं कमळ

मित्रांनो, मी कधी तुम्हाला भेटलो तर एकच करा. मला उचलून खिडकीसमोर धरा. टेबलावर पडलेला असलो की मी तुम्हाला निळसर, मळकट, कडेला फाटलेला कागद वाटेन. पण उजेडासमोर धरलंत की माझ्या अंगभर साडेचार हजार ठिपके चमकतील आणि त्यांचं एक कमळ होईल.

मी एक जुना खाका आहे. खाका म्हणजे कापडावर नक्षी उतरवण्यासाठी सुईने टोचलेला कागद. तुमच्या वहीला भोक पडलं तर तुम्ही हळहळता. माझं मोल मात्र भोकांतच आहे.

माझा जन्म अंबरनाथला झाला, पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी. शिवराम नावाचा एक माणूस तिथल्या कारखान्याच्या नकाशाघरात शिपाई होता. चुकलेले मोठे ट्रेसिंग कागद तिथे टाकून देत. शिवराम साहेबांना विचारून ते घरी आणायचा आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्यावर चित्रं काढायचा. अशाच एका रविवारी तो मला गुंडाळून कुठेतरी बाहेर घेऊन गेला आणि संध्याकाळच्या आत परत घेऊन आला. तेव्हा माझ्यावर एक फुललेलं कमळ होतं, एक कळी होती, एक पान होतं आणि सगळ्यांच्या खाली नागमोडी वाहणारी एक रेघ होती. शेवटी माझ्या खालच्या कोपऱ्यात त्याने पेन्सिलीने बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं.

मग मी त्याच्या बायकोच्या, गंगूच्या हातात आलो. तिने मला घोंगडीच्या घडीवर पसरलं आणि सुई घेतली. एका रेघेवर शेकडो भोकं, एकसारख्या अंतरावर. दूर पडली तर रेघ तुटते, जवळ पडली तर कागद फाटतो. शिवराम शेजारी बसून शिकवायचा.

"रेघ आपल्याशी बोलते गंगू. ती ऐकत ऐकत सुई चालव."

"रेघ बोलते की नाही ते माहीत नाही," गंगू म्हणायची, "तुम्ही मात्र फार बोलता. गप्प बसा, नाहीतर पाकळी फाटेल."

गंगूला लिहितावाचता येत नव्हतं. कोपऱ्यातली अक्षरं म्हणजे नवऱ्याची सही असेल, असं समजून तिने ती सोडून दिली. पण भोकं तिला अशी काही पाठ झाली होती की काम संपल्यावर तिने डोळे मिटून माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि कुठे कोणती पाकळी आहे ते सांगितलं. सुई ज्या बाजूने बाहेर येते ती बाजू खरखरीत होते ना, ती तिच्या बोटांना वाचता यायची.

पुढे त्या दोघांनी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये छपाईचा एक छोटा गाळा घेतला. एका पत्र्याच्या नळकांड्यात आम्ही साठ-सत्तर खाके राहायचो. मित्रांनो, माझी भावंडं काय देखणी होती म्हणून सांगू! समोरासमोर मान वळवलेले मोर होते. ते जोडीने राहायचे, म्हणून लग्नाच्या शालूवर जायचे. भरगच्च कुयरी होती. बारशाच्या दुपट्यावर तिला मागणी, कारण तिच्या पोटात उद्याचं झाड असतं. शेपटीसारखं लांब टोक असलेलं पिंपळपान होतं. ज्या झाडाखाली गौतम बुद्धांना ज्ञान झालं त्याचं ते पान, म्हणून मंगल परिणयाच्या पांढऱ्या साडीवर ते शोभायचं. नक्षी नुसती सजावट नसते. ज्यांना लिहायला वेळ नव्हता किंवा अक्षर येत नव्हतं, अशा माणसांनी आपल्या लेकरांसाठी मागितलेलं ते मागणं असतं.

गंगू कापडावर मला खरखरीत बाजू वर करून ठेवायची. वाटीत रॉकेल आणि नीळ कालवलेली असायची. तिच्यात बुडवलेला कापसाचा बोळा ती माझ्या अंगावरून खालून वर फिरवायची. मला उचललं की कापडावर निळ्या ठिपक्यांचं कमळ उमटलेलं असायचं. मग कुणीतरी त्यावर धागा चढवायचं. मी किती साड्यांवर, किती अभ्र्यांवर फुललो याची मोजदाद नाही. कमळ सगळ्यांना हवं असतं.

पण बोळा नेहमी खालून सुरू व्हायचा. म्हणून माझी खालची रेघ सगळ्यात आधी झिजली. भोकाला भोक मिळालं, नीळ साचली आणि एक दिवस तिथे सरळ चीर पडली.

शिवराम गेला. गंगूच्या डोळ्यांतला उजेड हळूहळू कमी झाला. तिचा मुलगा नरेंद्र याने गाळ्यात भरतकामाचं कम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं. नरेंद्र वाईट नाही बरं का. कष्टाळू आहे. गंगूच्या पिशवीत रोज एक मोसंबं न विसरता टाकतो. पण त्याला सगळं कसं स्वच्छ लागतं. त्याने आम्हाला एकेकाला काचेवर झोपवलं, उजेडाची एक पट्टी अंगावरून सरकली आणि आमची चित्रं कम्प्युटरमध्ये गेली. माझं चित्र पडद्यावर आलं तेव्हा त्याने नाक मुरडलं.

"खाली नुसते डाग आलेत," तो बायकोला, शीलाला म्हणाला. "थांब, साफ करतो."

दोन बोटं हलली आणि माझी खालची रेघ गेली. मग आम्हा सगळ्यांना एका गोणीत भरून भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवलं. खरं सांगतो, वाईट वाटलं. पण मनात म्हटलं, कमळ तर मशीनमध्ये गेलंय ना? मग मी राहिलो काय नि गेलो काय!

त्याच आठवड्यात बदलापूर गावातून कमळाबाई आल्या. सोबत त्यांची नात तेजस्वी होती. ती तिथल्याच कात्रपच्या एका शाळेत शिकवते. दोन दिवसांनी तिची हळद होती. कमळाबाईंच्या स्वतःच्या हळदीच्या साडीवर गंगूने मला छापलं होतं. तेच कमळ नातीच्या साडीवर हवं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. साडी तयार होती. नरेंद्रने मोठ्या हौसेने पिवळा पदर काउंटरवर पसरला. गुलाबी रेशमाचं कमळ झळाळत होतं.

कमळाबाईंनी चष्मा लावला. मग काढला. मग परत लावला.

"ह्या कमल कुठं उगवलाय रं? पानी कुठं हाय?"

"काकी, कम्प्युटरवर साफ केलंय. जुन्या कागदावर खाली डाग होते."

"डाग?" कमळाबाईंचा आवाज चढला. "माझे बापाचे मिठागराला तू डाग बोलतंस?"

"आजी, अगं फोटोत कोण पाणी बघणार आहे?" तेजस्वी हळूच म्हणाली.

"मी बघीन! खाडीकाठचं माहेर माझं. भरतीचं पानी आत घ्यायचं, मग त्याचं मीठ करायचं, त्याच्याव आमची सात भावंडं जगली. आयनी ह्या कमल दाखवून मना सांगितलान, पानी इसरू नको. कोरड्यातला कमल घालून माझी नात हळदीला बसायची नाय!"

गलका ऐकून शेजारच्या दुकानातल्या पोपटीबाई आल्या. फाळणीनंतर आईच्या कडेवर बसून त्या या कॅम्पात आल्या होत्या. पन्नास वर्षं त्या गंगूला 'अदी' म्हणतात. सिंधीत अदी म्हणजे ताई.

"मिठागर कसलं?" पोपटीबाईंनी पदर पाहून विचारलं. "वो तो सिंधू है! आमचा देव झुलेलाल कमळावर बसतो, आणि कमळ नदीवर. मी माझ्या तिन्ही पोरींना हेच दिलं. अदी, सांग ना हिला."

गंगू कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होती. तिने सुनेला विचारलं, "शीला, पाणी नाही त्या पदरावर?"

"नाही आई."

गंगूने हात पुढे करून पदर चाचपला. मग म्हणाली, "मी तर ते तळं समजून टोचलं होतं. महाडचं. माझे सासरे सांगायचे, ओंजळभर पाण्यासाठी माणसं किती लांबून चालत गेली होती. नरेंद्र, ती भोकं टोचताना तू माझ्या पोटात होतास रे. आणि तूच पाणी पुसलंस?"

नरेंद्रचा चेहरा उतरला. "आई, मला खरंच वाटलं डाग आहेत."

"मग विचारायचं होतंस. मी काय मेले होते?"

नरेंद्रने धावत जाऊन गोणी ओतली आणि मला काढलं. पण चीर पाहून त्याचं तोंड सुकलं. माझ्यातून आता पाणी उमटणार नव्हतं. कम्प्युटरवरही तिथे नुसता निळा फराटा होता. हळद परवा आणि पाणी कुठेच नाही.

"मला दे," गंगू म्हणाली.

तिने मला मांडीवर पालथं घेतलं. डोळे मिटले, नाहीतरी आता ते उघडे असून तिला फारसं दिसत नव्हतं. चिरेच्या दोन्ही कडांवर अर्धी अर्धी भोकं शिल्लक होती, एकीकडे वरची, एकीकडे खालची. गंगूने दोन बोटांनी दोन्ही कडा जुळवल्या आणि पन्नास वर्षांनी माझी पाठ पुन्हा वाचायला सुरुवात केली.

"शीला, घोंगडीची घडी आणि नवा कागद याच्याखाली घाल. पोरी, तुझं लग्न ना? घे सुई."

"मला नाही येत हो आजी," तेजस्वी घाबरून म्हणाली.

"मलाही येत नव्हतं. माझं बोट जिथे थांबेल तिथे टोच. चढ. चढ. आता उतार. हळू, पाणी आहे ते, पायऱ्या नाहीत."

पोपटीबाई हसल्या. कमळाबाईही हसल्या. तासाभरात नव्या कागदावर पाणी उतरलं. तेजस्वीचा हात नवखा असल्यामुळे दोन ठिकाणी ते जरा जास्तच उसळलं होतं. गंगू म्हणाली, "असू दे. पाणी हलणारच." कापड मशीनच्या चौकटीतून सुटलं होतं, तेव्हा रेघ हातानेच भरायची ठरली. शीलाने ठिपके छापले आणि निळा धागा ओवला. साखळी टाक्याने एका टोकाकडून कमळाबाई भरू लागल्या, दुसऱ्या टोकाकडून पोपटीबाई. दोघींत गाठ कुणाची मोठी यावरून भांडणही झालं.

तेजस्वी मात्र माझ्याकडे पाहत होती. "आजी, खाडी, सिंधू आणि तळं. मग ज्यांनी काढलं त्यांनी कुठलं पाणी काढलं?"

"विचारलं की हसायचे," गंगू म्हणाली. "म्हणायचे, ज्याचं त्याला दिसेल."

तेजस्वीने कापूस रॉकेलमध्ये बुडवून माझ्या खालच्या कोपऱ्यावरची साचलेली नीळ पुसली. मित्रांनो, अक्षरं वर आली! शीला वाकून वाचू लागली. "वालधुनी, पुलाजवळ, रविवार."

अंबरनाथच्या डोंगरातून निघून उल्हासनगरच्या वस्त्यांमधून वाहणारी वालधुनी नदी. गाळ्यापासून ती फार लांबही नाही.

"वो नाला?" पोपटीबाईंच्या तोंडून निघालं.

"तेव्हा नाला नव्हता," गंगू सावकाश म्हणाली. "मी धुणं धुतलंय तिथे. मासे पायाला लागायचे." तिने अक्षरांवर बोट ठेवलं, पण पेन्सिल बोटाला लागत नाही. "एवढं लिहून ठेवलं माणसाने, आणि मी सही समजले." मग तिने शीलाला ते पुन्हा वाचायला लावलं. शीलाने तीन वेळा वाचलं.

ठरल्या दिवशी हळद झाली. तेजस्वीने पाठवलेला फोटो शीलाने माझ्यासमोरच गंगूला सांगून सांगून दाखवला. हळदीने माखलेली पोरगी, पदरावर कमळ आणि त्याच्याखाली जरा जास्तच उसळलेलं पाणी.

आता माझं काम नवा कागद करतो. मला दोन काचांमध्ये ठेवून शीलाने गाळ्याच्या खिडकीत लावलं आहे. सकाळचं ऊन आलं की समोरच्या भिंतीवर माझं कमळ पडतं आणि चिरेतून पाण्याची एक उजळ रेघ. माझी भावंडं नळकांड्यात परत आली आहेत. नरेंद्र अजूनही त्यांची चित्रं कम्प्युटरवर घेतो, पण एखादा ठिपका पुसण्याआधी खुर्ची ओढून गंगूजवळ बसतो आणि विचारतो, "आई, हे काय आहे?"

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी नक्षी असेल. पाटावर, पितळी डब्यावर, दुलईच्या कोपऱ्यात. तिच्यात एखादी रेघ डागासारखी दिसली तर घाईने पुसू नका. घरातल्या कुणालातरी विचारा. आणि वालधुनीच्या पुलावरून जाताना तुम्ही नाक दाबून धरता हे मला ठाऊक आहे, त्यात तुमचा दोष नाही. पण एकदा थांबून खाली बघा. शिवरामने काढलेली रेघ तिथे अजून वाहते आहे. कमळ तेवढं पुन्हा उगवायचं राहिलं आहे.