सातवं गाणं रिकामं होतं

आमच्या सत्यजीतनं दिवाळीत केबल लावून माझ्या मोबाइलमध्ये सात गाणी टाकली. म्हणाला, "पप्पा, माझा अल्बम हाय. डबस्टेप." मी केडगावचा टेम्पोवाला, मला डबा आणि स्टेपनीच ऐकू आलं. तसं म्हणालोही. पोरगं हसलं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. शिक्रापूरला कंपनीत बारा तास उभं राहायचं आणि उरलेल्या वेळात खोलीवर बसून हे उद्योग! अल्बमचं नाव 'खोल'. मी लावून पाहिला. टिकटिक, खरखर, बस्स. सातव्या गाण्याचं नाव 'आई', त्यात तर काहीच नाही. चार मिनिटं नुसती रेघ पुढं सरकत होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

"पप्पा, हे असं न्हाई ऐकायचं," तो म्हणाला.

"ऐकायचं कसं, हे आता तू शिकवणार मला?"

त्यानं केबल गुंडाळून खिशात घातली.

फेब्रुवारीत शिक्रापूरच्या चौकात त्याला ट्रकनं उडवलं. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप होता, त्याचाही चुरा झाला.

तेव्हापासून माझी बायको सुरेखा रोज मोबाइल मागून घ्यायची आणि ते सातवं गाणं कानाला लावून बसायची. "त्यानं माझं नाव दिलंय, म्हंजी असंल काहीतरी," म्हणायची. तव्यावर भाकरी करपायची, हिला पत्ता नाही. वीस दिवस मी पाहिलं. मला ते सहन होईना. एके सकाळी ती नळावर गेली असताना मी ते गाणं पुसून टाकलं. मोबाइलच्या डस्टबिनमधूनही काढलं, अर्धवट काम मला आवडत नाही. तिला सांगितलं, मोबाइल बिघडला, आपोआप गेलं.

महिन्याभरानं त्याच्या खोलीतला जोडीदार विनोद त्याचं सामान घेऊन आला. कपडे, चादर आणि निम्म्या कपाटाएवढा काळा स्पीकरचा बॉक्स. जयभीम घालून टेकला आणि लगेच म्हणाला, "काका, अल्बम ऐकला का?"

"ऐकला. काय हाय त्यात ऐकण्यासारखं?"

"मोबाइलवर? काका, तेवढ्याशा स्पीकरला हे खालचे आवाज झेपतच न्हाईत. निम्मं गाणं गायबच व्हतं."

त्यानं माझा मोबाइल बॉक्सला जोडला. पहिल्याच गाण्याला पत्रे थरथरले, मांडणीतली ताटं वाजायला लागली. आवाज कानात नव्हता, बरगड्यांत होता. माझ्या पोरानं हे केलं होतं आणि मी त्याला स्टेपनी म्हणालो होतो. लाज वाटली मला. सुरेखानं बॉक्सवर हात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"आता 'आई' लावतो," विनोद म्हणाला. "काकू, त्यात तुमचं घोरणं हाय."

"काय?"

"व्हय. दुपारी तुम्ही झोपला व्हता, तवा त्यानं रेकॉर्ड केलं, आन् आवाज पार खाली नेला. म्हणायचा, आई घोरायला लागली की घरात सगळं ठीक वाटतं."

सुरेखा तोंडाला पदर लावून हसली. पोरगं गेल्यापासून पहिल्यांदाच. विनोद मोबाइलमध्ये शोधत होता. वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"मी पुसलं," मी म्हणालो. "आपोआप न्हाई गेलं. मीच पुसलं."

तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

विनोदकडं दुसरी प्रत नव्हती. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकूंचं घोरणं पाठवा. मी करून बघतो. पण त्याच्यासारखं न्हाई जमायचं."

आता रोज दुपारी जेवणं झाली की ती भिंतीकडं तोंड करून आडवी होते. मी मोबाइल उशाशी ठेवतो, बटण दाबतो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. तासाभरानं सत्यजीतचा बॉक्स लावून ऐकतो. रस्त्यावरचे ट्रक, शेजारची कोंबडी, तिच्या बांगड्या.

"आलं का काही?" परवा तिनं विचारलं.

"न्हाई."

"मी डोळे मिटून पडते वो," ती म्हणाली. "झोपच येत न्हाई."